बाळंतपणानंतर फिशर झालंय, ऑपरेशन न करता बरं होतं का?

चिमणी_घरट्यातली:
नमस्कार. विषय जरा लाजिरवाणा आहे म्हणून वेगळा आयडी काढून लिहितेय, चालत नसेल तर ॲडमिननी उडवा.

माझं बाळ आता ५ महिन्यांचं आहे. नॉर्मल डिलिव्हरी, टाके पडले होते ते नीट भरले. पण बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत संडासला गेलं की काच कापत गेल्यासारखं व्हायला लागलं आणि नंतर तास दोन तास नुसता ठणका, बाळाला पाजायला बसायचं तर एका बाजूला कलून बसते. रक्त फार नाही, लालभडक थेंब दिसतात कधीकधी. भीतीने जायचंच टाळते, मग दोन दिवसांनी खडा होतो आणि परत तेच.

घरात सगळे मूळव्याध म्हणून मोकळे. सासूबाईंनी शेजारच्या गावातला एक माणूस शोधलाय, तो म्हणे काहीतरी औषध लावून कोंब पाडतो. मी नाही म्हणाले तर तोंड वाकडं झालंय. शेवटी नवऱ्याला घेऊन सांगलीला सर्जनला दाखवलं, त्यांनी फिशर (म्हणजे संडासच्या जागेला चीर) आहे, पुढच्या बाजूला आहे, एवढं सांगितलं, एक मलम आणि पावडर लिहून दिली आणि सहा आठवड्यांत भरलं नाही तर छोटंसं ऑपरेशन करू म्हणाले. इतक्या भराभर की मला काही विचारताच आलं नाही. बाहेर काउंटरवरची बाई म्हणते लेझरचं पॅकेज आहे, संध्याकाळी घरी.

खाणं म्हणाल तर बाजरीची भाकरी, तूप, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, लसूण-खोबऱ्याची चटणी. फळं थंड म्हणून बंद, कडधान्यं वातूळ म्हणून बंद, पालेभाजीत फक्त शेपू नाहीतर मेथी. पाणी पण बेताचंच कारण जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणे. त्या लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम चालू आहे. पुढच्या महिन्यात बँकेत जॉइन व्हायचंय, म्हणजे दिवसभर खुर्ची.

कोणाचं खरंच ऑपरेशनशिवाय बरं झालंय का? आणि अंगावर पाजत असताना ते मलम लावलं तर चालतं का?


रिटायर_कंडक्टर:
ताई अजिबात लाजू नका, आमच्या डेपोत निम्मे ड्रायव्हर ह्याच दुखण्याचे होते फक्त कोणी बोलायचं नाही. पाणी प्यावं तर गाडी थांबवायची कुठे आणि इंजिनाच्या गरम बॉनेटशेजारी आठ आठ तास बूड शेकत बसायचं. मला स्वतःला इसबगोलने गुण आला, रात्री जेवल्यावर इसबगोल आणि सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी. वडापाव बंद केला, ते मात्र जिवावर आलं. एरंडेल पण रोज एक चमचा घ्या, पोट खळखळून साफ होईल. आणि त्या कोंब पाडणाऱ्याकडे चुकूनही जाऊ नका, आमच्यातला एक जण असल्याच माणसाकडे गेला होता, जखम एवढी चिघळली की शेवटी मोठ्या दवाखान्यात न्यावा लागला, नंतर जागा आकसली ती वेगळीच.


खुर्चीचा_कैदी:
माझा अनुभव लिहितो, पुरुष आहे त्यामुळे बाळंतपणाचं काही माहीत नाही. आयटीत आहे, पुण्यात. मला मागच्या बाजूला होतं, बाहेर एक कोंबासारखी चामडी पण आली होती ती बघून मला पण वाटलं मूळव्याध. डॉक्टर म्हणाले ती फिशरची राखणदार आहे, जुनं झालं की येते, तिला काही करायची गरज नाही.

डिल्टियाझेमचं २ टक्क्यांचं मलम दिलं होतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, बोटाला रबरी टोपी घालून कडेला आणि अगदी किंचित आत, दिवसातून दोनदा. लोकांना वाटतं ते दुखणं मारायला आहे, तसं नाहीये, तो आतला स्नायू आवळून बसलेला असतो त्याला ढिला करायला आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी लावून "काही फरक नाही" म्हणून फेकून देऊ नका. दुखायचं थांबलं तरी डॉक्टर म्हणाले पूर्ण मुदत लावायचंच, वरून दुखत नाही म्हणजे आतून भरलंय असं नसतं. मला थोडी खाज सुटायची, बाकी काही नाही. आधी दुसरीकडे नायट्रोग्लिसरीनवालं दिलं होतं त्याने डोकं असलं धरायचं की मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. पुरुष मंडळींसाठी एक, ते नायट्रोवालं मलम आणि 'त्या' निळ्या गोळ्या (व्हायग्रा) एकत्र कधीच नाही, बीपी धाडकन खाली येतं.

शेक मात्र खरा. पसरट टबात कोमट पाणी, कोपर बुडवून बघायचं, चटका नको, आणि त्यात दहा पंधरा मिनिटं बूड बुडवून नुसतं बसायचं. संडासहून आल्यावर लगेच बसलं तर तो नंतरचा ठणका निम्मा होतो. डेटॉल, सॅव्हलॉन, मीठ, तुरटी काही टाकायचं नाही, साधं पाणी. बायको म्हणायची मिनिस्टरसाहेब सिंहासनावर बसले.

लेझरचं मलाही सांगितलं होतं. मी विचारलं की लेझरने नक्की काय करणार, तर उत्तर ऐकून कळलं की कापायचं तेच, फक्त हत्यार वेगळं. हे मार्केटिंग आहे हो सगळं.


टाके_घालणारी:
मी जनरल सर्जन, सरकारी रुग्णालयात ओपीडी करते. इथे तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण चिमणीताईंच्या पोस्टमध्ये काही गोष्टी अशा आहेत की लिहायलाच हव्यात, लांबेल.

पहिलं म्हणजे "पुढच्या बाजूला". बहुतेकांना फिशर मागच्या बाजूला मध्यावर होतं आणि तिथे आतला गोल स्नायू खूप घट्ट झालेला असतो. घट्ट स्नायू म्हणजे रक्तपुरवठा कमी, रक्तपुरवठा कमी म्हणजे जखम भरत नाही, दुखतं म्हणून आणखी आवळतो, असं ते चक्र. ऑपरेशनमध्ये आम्ही त्या स्नायूचा थोडा भाग कापून ते चक्र तोडतो आणि त्याने नव्वद टक्क्यांच्या वर लोक बरे होतात, ऑपरेशन वाईट नाहीये. पण बाळंतपणानंतरचं पुढच्या बाजूचं फिशर वेगळं. त्यात अनेकींचा स्नायू घट्ट नसतोच. बायकांमध्ये पुढच्या बाजूला तो स्नायू मुळात आखूड, त्यात प्रसूतीत ताणलेला किंवा आतून थोडा फाटलेला असू शकतो जे वरून दिसत नाही. अशा स्नायूला आणखी कापलं तर वारा धरता न येणं, घाईची लागली तर थांबवता न येणं हे मागे लागू शकतं. म्हणून बाळंतिणीच्या बाबतीत आम्ही चाकू शेवटी काढतो, आणि काढायच्या आधी स्नायूची सोनोग्राफी किंवा दाब मोजायची तपासणी करून घेतो. कोणी "छोटंसं आहे, करून टाकू" म्हणालं तर एवढाच प्रश्न विचारा, आधी स्नायू तपासणार का? लेझरला पण हेच लागू. भूल द्यावी लागते, बहुतेक वेळा स्नायूच कापला जातो, ते ऑपरेशनच आहे.

आता मूळ प्रश्न, न कापता बरं होतं का. होतं. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, पहिल्यांदाच फिशर झालेले शंभरेक पेशंट, काहींना नुसतं बधिर करायचं मलम, काहींना स्टिरॉइडचं, काहींना फक्त कोमट पाण्याचा शेक आणि कोंडा. तीन आठवड्यांनी शेक-कोंड्यावाले ८७ टक्के बरे, बधिर मलमवाले ६० टक्के. म्हणजे घरातला टब आणि गव्हाचा कोंडा महागड्या ट्यूबला भारी पडला. तुमचं मात्र चार महिन्यांच्या वर गेलंय म्हणजे जुनं झालंय, त्यामुळे नुसत्या शेकावर भागेलच असं नाही, स्नायू ढिला करायचं मलमही लागेल आणि सहा ते आठ आठवडे द्यावे लागतील. जुन्या फिशरमध्येही अशा मलमांनी निम्म्याहून जास्त लोकांचं भरतं.

अंगावर पाजताना: इसबगोल, लॅक्ट्युलोज, ती पाण्यात कालवायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, ही शी मऊ करणारी औषधं सगळी आतड्यातच काम करतात, अंगात जवळजवळ शोषलीच जात नाहीत, त्यामुळे दुधाची काळजी नको. मलमात काय आहे ते ट्यूबवर वाचा. निफेडिपिन असेल तर तेच औषध आम्ही बाळंतिणींना बीपीसाठी गोळीतून देतोच. डिल्टियाझेम किंवा नायट्रो असेल तर ज्यांनी लिहून दिलंय त्यांना फोन करून सांगा की मी पाजतेय. लावल्यावर उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते. स्टिरॉइड असलेली मूळव्याधीची मलमं महिनोन् महिने लावू नका, कातडी पातळ होते.

लाल गोळ्या: बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायला सांगतात आणि त्यांनी पोट कडक होतंच, कॅल्शियमनेही होतं. पण मनाने बंद करू नका, रक्त कमी असेल तर तेही महत्त्वाचं. डॉक्टरांना सांगून लोहाचा दुसरा प्रकार मागता येतो. त्या गोळ्यांनी शी काळपट होते, त्याला घाबरू नका.

कंडक्टर काका, इसबगोलला माझं अनुमोदन, रोजच्या एरंडेलाला नाही. ते आतड्याला चाबूक मारून काम करतं, जुलाब झाले की ती जागा आणखी सोलते. आपल्याला पातळ नकोय, मऊ आणि बांधीव हवंय.

आणि हे मात्र घरी बसून नको: ताप येऊन बाजूला सूज, पू, वजन उतरणं, काळपट रक्त, किंवा जखम पुढे-मागे मध्यावर नसून कडेला असणं. कडेच्या फिशरमागे टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज येणारा जुनाट आजार) असं काही असू शकतं, ते तपासावंच लागतं.


सडेतोड_बोल:
एवढा मोठा निबंध. माझ्या भावाने वर्षभर मलमं चोपडली, शेवटी ऑपरेशन केलं, दुसऱ्या दिवशी म्हणाला आधीच का नाही केलं. दुखणं अंगावर काढायचं आणि वर नैसर्गिक म्हणवून घ्यायचं ही आपल्याकडची फॅशन झालीय.


टाके_घालणारी:
तुमच्या भावाबद्दल तुमचं बरोबरच आहे. मागच्या बाजूचं, जुनं, घट्ट स्नायूचं फिशर असलेला तरुण माणूस माझ्याकडे आला आणि औषधं नीट घेऊनही भरत नसेल तर मीसुद्धा त्याला ऑपरेशनच सांगते, वर्षभर थांबवत नाही. मध्ये बोटॉक्सच्या इंजेक्शनचाही एक रस्ता आहे, दोनतीन महिने स्नायू सैल राहतो, महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. पण भावाचा कागद वहिनीला लावू नका एवढंच म्हणतेय.


दुधावरची_साय:
चिमणे, मी अगदी ह्यातून गेलेय. आमच्याकडे पण फळ म्हणजे बाळाला सर्दी आणि वरण म्हणजे बाळाला गॅस. सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचं. मी म्हणाले काळ्या मनुका भिजवलेल्या चालतात ना, त्या तर उष्ण? झालं, वाटीभर मनुका आणि दोन सुकी अंजिरं रात्री भिजत पडायला लागली. पपई बाळंतिणीला दूध येतं म्हणून त्यांनाच आवडीची निघाली. पेरू मात्र बाळ मोठं होईपर्यंत घरात आला नाही. मुगाची सालीसकट आमटी कोणाला वातूळ वाटत नाही, ती रोज. बाजरी चांगलीच आहे, ज्वारी-नाचणीची भाकरी पण आलटून पालटून कर. आणि पोळ्या असतील तर पीठ चाळू नको म्हणावं, कोंडा म्हशीला घालायचा आणि वर आपण कोंड्याची पावडर मेडिकलमधून आणायची हा कुठला न्याय.

डिंकाचा लाडू खा पण एक, तीन नाही. आमच्याकडे माझ्या जावेला दिवसाला पाच भरवायचे. त्यात डिंक, खोबरं, तूप, खारीक, चवीला झकास पण वर पाणी नको म्हटल्यावर बाहेर काय पडणार?

पाण्याचं तर मी सरळ नर्सबाईंना घरी बोलावलं, चहा पाजला आणि त्यांच्या तोंडून वदवून घेतलं की पाजणाऱ्या बाईला तहान लागली की प्यायलाच पाहिजे. पाणी कमी पडलं तर दुधावर परिणाम होईल एवढं वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः तांब्या भरून उशाशी. पोट सुटतं ते सुटू दे, पाण्याने सुटत नाही.

मिरचीचा ठेचा काही दिवस बाजूला ठेव. खाताना जिभेला लागतं आणि दुसऱ्या दिवशी कुठे लागतं ते तुला सांगायला नको.


चिमणी_घरट्यातली:
सगळ्यांचे खूप आभार, रडूच आलं वाचताना. ट्यूब बघितली, निफेडिपिन आणि लिग्नोकेन लिहिलंय. पावडर ती पॉलिइथिलीनवालीच आहे, मी मात्र दोनदाच घेतली होती कारण घरात म्हणाले सवय लागते.

डॉक्टर ताई, अजून दोन शंका. आमच्याकडे कमोड आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि परत दाखवायला गेले की ते बोट घालून तपासतील ह्या भीतीने मी जायचं टाळतेय, ते करावंच लागतं का?


टाके_घालणारी:
ह्या पावडरीची सवय लागत नाही, ती फक्त पाणी धरून ठेवते. सवय लागायची भीती असते ती झोपताना घ्यायच्या जुलाबाच्या गोळ्यांची, त्या महिनोन् महिने नकोत. पावडर रोज घ्या, शी टूथपेस्टइतकी मऊ यायला लागली की मात्रा तिथेच ठेवा, आणि जखम भरल्यावर हळूहळू कमी करा. इसबगोल घेणार असाल तर एका चमच्यापासून सुरू करा, एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, मग लोक म्हणतात मला सोसत नाही. मोठ्या ग्लासात कालवून लगेच प्यायचं, घट्ट व्हायची वाट बघायची नाही, वरून अजून एक ग्लास पाणी. लोहाच्या गोळीत आणि त्यात दोन तासांचं अंतर. कोरड्या पोटी, कमी पाण्यात इसबगोल घेतलं तर उलट बूच बसतं, हे मी वॉर्डात बघितलंय.

कमोड चालेल, पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही. कळ आली की जायचं, बाळ रडत असेल तर दुसऱ्या कोणाला घ्यायला सांगायचं, कारण थांबवलेली कळ परत येते ती खडा घेऊनच. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, मोबाईल बाहेर ठेवून जायचं. लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, आहे म्हणजे जायच्या थोडं आधी किंचित लावलं तर पहिली भीती कमी होईल. जेट स्प्रेची धार थेट त्या जागेवर मारू नका, तांब्याने धुवा, साबण नको, मऊ फडक्याने टिपा, घासू नका.

तपासणीचं: दुखणारं फिशर नुसतं कुल्ले अलगद बाजूला करून बघितलं तरी बहुतेक वेळा दिसतं. त्या क्षणी बोट किंवा नळी घालायची गरज नसते, आणि तुम्ही "आज बोट नको" असं स्पष्ट म्हणू शकता, कोणताही शहाणा डॉक्टर ऐकेल. तपासताना खोलीत बाई हवी हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. मिरज-सांगलीला बायका सर्जनही आहेत, विचारून बघा. जायचं मात्र टाळू नका, भरतंय की नाही हे बघायला कोणीतरी लागतंच.

कामावर रुजू झाल्यावर: खुर्चीवर ते मधे भोक असलेलं रिंग कुशन घेऊ नका, त्याने ती जागा उलट खाली लोंबते आणि ताणते, साधी मऊ गादी बरी. बँकेतलं बायकांचं टॉयलेट कसंही असलं तरी पाणी कमी पिऊ नका, मॅनेजरशी भांडा हवं तर.

आणि भरल्यावर लगेच जुन्या खाण्यावर नको. १९८७ चा एक अभ्यास आहे, बरे झालेल्या लोकांना वर्षभर रोज १५ ग्रॅम कोंडा दिला तर १६ टक्क्यांना परत झालं, ज्यांना नुसता खोटा डोस दिला त्यांच्यात ६८ टक्क्यांना. निम्मा कोंडा घेणाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही, त्यामुळे चिमूटभर टाकून समाधान मानू नका.


रिटायर_कंडक्टर:
डॉक्टर बाई एरंडेलाचं कळलं, मागे घेतो. पण महिन्यातून एकदा तरी?


टाके_घालणारी:
काका, तुमचं इसबगोल चालू आहे ना, मग कशाला :)


चिमणी_घरट्यातली:
अजून एकच विचारते, तो टब कुठे मिळतो? इथे बादली आहे आणि परात आहे, परातीत बसले तर घरातले काय म्हणतील.


खुर्चीचा_कैदी:
मेडिकलमध्ये सिट्झ बाथ टब म्हणून मागा, कमोडच्या भांड्यावर बसतो असा प्लॅस्टिकचा उथळ टब असतो, महाग नसतो आणि ऑनलाइन पण मिळतो. घेताना कमोडचा आकार मोजून घ्या, आमचा पहिला बसलाच नव्हता. खाली वाकून बसावं लागत नाही त्यामुळे टाके झालेल्यांना पण बरं पडतं. तो येईपर्यंत बाळाच्या आंघोळीचा मोठा टब असेल तर तोच वापरा, नंतर घासून धुवा म्हणजे झालं.


दुधावरची_साय:
आणि दाराला आतून कडी. घरातल्यांना सांगायचं डोक्यावरून न्हातेय, पंधरा मिनिटं कोणी हाक मारत नाही.